दहापैकी नऊ पूर्णांक दोन

"सर, नऊ पूर्णांक दोन," डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले.

"दहापैकी?" मी विचारलं.

छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या तोंडून दुसरा प्रश्न निघणं शक्यच नव्हतं. त्यातून डॉक्टर माझाच विद्यार्थी. नववी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक. एका सहामाहीत मी त्याला शंभरापैकी एकोणीस दिले होते, कारण पठ्ठ्यानं प्रत्येक उत्तरात दशांश चिन्ह एकेक घर सरकवून ठेवलं होतं. आता तो मला मार्क सांगत होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, म्हातारपणी का होईना, डिस्टिंक्शन मिळालं.

"सर, यात जास्त मार्क चांगले नसतात," तो म्हणाला. "साधारण सातच्या वर गेलं की युरिक ॲसिड रक्तात विरघळून राहत नाही. त्याचे सुईसारखे खडे होतात आणि सांध्यात जाऊन बसतात. तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात बसलेत. याला गाऊट म्हणतात."

"अंगठ्यातच का?"

"तो शरीरापासून लांब सर, थंड पडतो. गारव्यात खडे लवकर धरतात. सरबतातली जास्तीची साखर तळाला बसते ना, तसं."

शेजारच्या टेबलावर तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा होता. त्यात ठेवलेलं एक बाळ टाहो फोडून बोंबलत होतं. मला त्याचा हेवा वाटला. त्याला निदान बोंबलायची मुभा होती; मला लवकरच बोंबीलही नाकारला जाणार होता.

सुरुवात झाली ती दोन दिवसांपूर्वी, रात्री दोन वाजता. कुणीतरी माझा अंगठा उखळात घालून कांडतंय असं वाटून मी जागा झालो. बघतो तर अंगठा कोकमासारखा लालबुंद, आणि आकारानं माझा नसून एखाद्या पैलवानाचा.

"पायावरची चादर काढ," मी ओरडलो. बायकोनं काढली.

"पंखा बंद कर, वारा लागतोय." तिनं केला.

"आता तू चालू नकोस."

"का?"

"तू चाललीस की फरशी हलते."

या शेवटच्या वाक्याचे पडसाद पुढे तीन दिवस भाजीच्या मिठात उमटत राहिले. पण वैद्यकशास्त्र माझ्या बाजूनं होतं. थॉमस सिडनहॅम नावाचा इंग्रज डॉक्टर स्वतः या दुखण्यानं बेजार होता आणि त्यानं १६८३ साली या रोगावर पुस्तकच लिहिलं. रोग्याला पांघरुणाचं ओझं सोसवत नाही आणि खोलीत कुणी पावलं वाजवत चाललं तरी कळ येते, असं त्यात स्पष्ट नोंदवलंय. हे मी बायकोला वाचून दाखवलं.

"त्यांनी त्यात बायकोचं नाव घातलंय?" तिनं विचारलं.

घातलं नव्हतं. इंग्रज माणूस सावध.

आयुर्वेदात या दुखण्याला वातरक्त म्हणतात, आणि त्याचंच एक नाव आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही याला राजांचा रोग म्हणत. म्हणजे माझ्या पेन्शनीत न परवडणारी एकच गोष्ट आयुष्यात मला मिळाली, तीही अंगठ्यात.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पथ्याचा कागद दिला. त्यावर 'काही मासे टाळा, बाकीचे कमी खा' असं स्वच्छ अक्षरात होतं. दवाखाना ते आमचं स्वयंपाकघर हे अंतर रिक्षानं सात मिनिटांचं आहे. तेवढ्या प्रवासात 'टाळा', 'काही' आणि 'कमी' हे तिन्ही शब्द उडून गेले आणि ओट्यापाशी पोचला तो फक्त 'बंद'. मी इंटरनेटवर आधार शोधला. तिथं वर्ज्य माशांची यादी होती: अँचोव्ही, सार्डिन, हेरिंग, मॅकरेल. मी टाळी वाजवली. यातला एकही मासा आमच्या रेवदंड्याच्या बाजारात कधी पाटीत पाहिलेला नव्हता. पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा मी ही आनंदवार्ता तिला दिली.

"बाबा, सार्डिन म्हणजे तारली," ती म्हणाली. "मॅकरेल म्हणजे बांगडा. आणि अँचोव्ही ही आपल्या मांदेलीची चुलत बहीण."

एका फोनमध्ये माझे तीन नातलग वारले.

तेवढ्यावर भागलं नाही. बायकोच्या भिशीच्या गटात सगळ्या जणी अर्ध्या डॉक्टर. त्यांच्या सल्ल्यानं मसूर गेली, पालक गेला, टोमॅटो गेला. मी पुन्हा शास्त्राला शरण गेलो. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांच्या जेवणाची बारा वर्षं नोंद ठेवून २००४ साली निष्कर्ष काढला गेला, की मांस-मासळीनं गाऊटचा धोका वाढतो, पण भाज्या-डाळींनी वाढत नाही.

"त्या ४७ हजारांतला एक तरी या घरात जेवायला असतो का?" बायकोनं विचारलं. नमुना निवडीतली ही त्रुटी संशोधकांच्या लक्षात आली नसावी.

पण दवाखान्यातून उठताना मी एक महत्त्वाचा प्रश्न विचारून ठेवला होता.

"खायचे जपून हे कळलं. पकडायचे का?"

डॉक्टर हसला. "पकडा की सर! तेवढंच चालणं होईल."

त्याला वाटलं, जो जपून खाणार तो पकडायला कशाला जातोय. इथंच त्याचं गणित कच्चं राहिलं. नववीतही राहिलं होतं.

आमच्या घराण्यात शिकारीची आणि भुकेची एकमेकींशी ओळख कधीच नव्हती. आजोबा तरुणपणी जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीत हाक्याला जात. आजचं फणसाडचं अभयारण्य म्हणजे तेव्हाचं नवाबाचं राखीव शिकाररान. आजोबांचं काम रानात डबे वाजवत आरडाओरडा करायचं. जनावर मारणार नवाब, खाणार नवाबाचे पाहुणे. पुढे संस्थान विलीन झालं तेव्हा आजोबांनी गावच्या पारधीत डुकरामागे जायला सुरुवात केली. तोवर त्यांचे दात गेले होते. डुकराचा वाटा घरी यायचा, आम्ही पोरं तो ओरपायचो आणि आजोबा पाटावर मेतकूट-भात कालवत बसायचे.

"एक तुकडा चावत नाही, मग मरायला रानात जाता कशाला?" आजी विचारायची.

"चावायला नाही जात. सांगायला जातो," आजोबा म्हणायचे, आणि डुक्कर कसा अंगावर आला ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि पारध संपली. १९८६ साली फणसाड अभयारण्य झालं. शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक तेवढी भिंतीवर राहिली. दर निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, त्यामुळे आमच्या घरात लोकशाहीचा सर्वांत जास्त अनुभव तिलाच होता. माझ्या वाट्याला डुक्कर उरलाच नाही. उरली कुंडलिकेची खाडी, साळावच्या पुलाखालचं पाणी आणि गळ.

आता गळ टाकायचा तर भरती कधी ते कळायला हवं. आमच्याकडे त्याची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. हे उदाहरण मी वर्षानुवर्षं वर्गात घातलं. कोळीवाड्यातल्या पोरांना उत्तर जन्मापासून पाठ असायचं, पण रीत कुणालाच लिहिता यायची नाही, आणि रीत नाही म्हणून मी अर्धे मार्क कापायचो. आज ती पोरं होडीभर मासळी आणतात. मी काठावर बसून अजून रीत लिहितोय.

सूज उतरल्यावर पहिल्याच अष्टमीला मी काठी टेकत निघालो. दुसऱ्या हातात गळाचं रीळ आणि आमिषाची पिशवी, खांद्याला छत्री. आमिष म्हणजे जिवंत कोळंबी. वर्ज्य पदार्थांच्या यादीत कोळंबीही, आणि मी ती दीडशे रुपये मोजून, ओल्या फडक्यात गुंडाळून, तिच्या तब्येतीची चौकशी करत नेत होतो.

"या पैशात दोन माणसांचं कालवण झालं असतं," बायको दारातून म्हणाली.

"दोन माणसं कोण?"

"मी आणि मांजर."

खाडीच्या काठावर त्या दिवशी काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा दुखरा पाय चिखलात गुडघ्याएवढा रुतला. तो काढायला दुसरा पाय रोवला, तर तोही गेला. काठी आधाराला टेकली, ती सर्वांत खोल गेली. मग दोन्ही पाय निघाले, पण चपला चिखलानं ठेवून घेतल्या. वाकून चपला शोधताना छत्री उघडली आणि वाऱ्यानं साळावच्या दिशेनं निघाली. ती धरायला गेलो तेव्हा गळाचा दोरा, म्हणजे तंगूस, पायात अडकला आणि गळ माझ्याच सदऱ्याच्या पाठीत रुतला. त्या दिवशी माझ्या गळाला लागलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे मीच. वजन अठ्ठ्याहत्तर किलो.

"मास्तर, मोठा गावला," होडीतून जाणारा आमचा नाखवा म्हणाला. "पन सोरून द्या. खायच्या लायकीचा नाय."

शेवटी दोन शिंगाळे आणि एक पालू घेऊन मी घरी आलो. इथून माझ्या आयुष्याचा दुसरा अध्याय सुरू झाला, म्हणजे मासळीचं मोफत वाटप केंद्र.

पहिल्या आठवड्यात समोरच्या काकूंनी पालू घेतला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहात हो. स्वतः तोंडाला लावत नाही आणि दुसऱ्याला देता!" दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "जरा खवलं काढून दिलीत तर बरं." तिसऱ्या आठवड्यात, "शिंगाळा नको बाई, पोरं खात नाहीत. बोय नाही का लागली?" चौथ्या आठवड्यात त्यांनी नुसतं पातेलं पाठवलं, आत वाटलेलं आलं-लसूण घालून. मागच्या आळीतले निवृत्त तलाठी तर एकदा तक्रारच घेऊन आले.

"परवाच्या माशाला चिखलाचा वास येत होता."

"खाडीचा मासा आहे भाऊ. अत्तराच्या कारखान्यातला नाही."

"तसं नव्हे. पण आपण एवढ्या विश्वासानं घेतो..."

त्यांनी गेल्या तीन महिन्यांत विश्वासाखेरीज काहीही खर्च केलं नव्हतं.

जूनमध्ये भाव फारच वाढला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी. बाजारात पाट्या ओस आणि आख्ख्या आळीचा जीव माझ्या गळावर. सकाळी फिरायला निघालो की लोक आधी हातातल्या पिशवीला नमस्कार करत, मग मला. गटारीच्या आदल्या दिवशी अकरा जणांनी मागणी नोंदवली. प्रत्यक्ष गटारीला मला लागले तीन खेकडे, तेही आमिष खाऊन, तंगूस कातरून परत गेले. त्या संध्याकाळी मी घराचा पुढचा दिवा लावला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. त्या महिन्यात मला जेवढे मासे लागले तेवढे उभ्या हयातीत लागले नव्हते. त्यांनाही पंचांग वाचता येत असावं. पातेलं घेऊन धावणाऱ्या काकू आता मी दिसलो की पदर नाकाला लावायच्या. "शिव शिव, या महिन्यात असलं दाखवू नका हो."

तेव्हा मी एकदा वहीत गणितच मांडलं. आठवड्याचे वार सात. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बाकी तीन. त्यांतून एकादशी आणि संकष्टी वजा. उरलेल्यांत भरती उजेडी यायला हवी, आणि पाणी उधाणाचं हवं; भांगाच्या पाण्याला मासा आळसावतो. असा हिशेब केला तर मासा पकडणं, देणं आणि घेणं हे तिन्ही योग जुळतात महिन्यातून जेमतेम पाच दिवस. लग्नाचे मुहूर्त याहून जास्त निघतात. मासा लागतो तो मात्र शनिवारी, मारुतीची आरती चालू असताना.

या अडचणीवर अमेरिकेतून आलेल्या माझ्या भाच्यानं तोडगा काढला.

"मामा, पकडायचा आणि सोडायचा. आमच्याकडे खूप जण तेच करतात. आधी परवाना काढायचा, मासा पकडायचा, फोटो काढायचा, अलगद पाण्यात सोडायचा."

"मग मिळालं काय?"

"आनंद."

"आणि माशाला?"

"त्यालाही. सुटल्याचा."

मला हे पटलं. दोन्ही पक्ष आनंदी होणारा व्यवहार मी तरी पेन्शनरांच्या मेळाव्यातसुद्धा पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाऊण किलोची तांबोशी लागली. मी तिचा गळ हलकेच काढला, भाच्यानं फोटो काढला आणि मी तिला दोन्ही हातांनी, गणपती विसर्जनाच्या भक्तिभावानं, पाण्यात सोडलं.

पुलावर रहदारी थांबली. नाखव्यानं होडी वळवली.

"मास्तर, हातातली तांबोशी सोरलाव?"

"हो. तिला आनंद झाला."

नाखवा काही बोलला नाही. त्यानं फक्त आपल्या पोराला माझ्याजवळ बसायला सांगितलं आणि होडी जोरात गावाकडे वल्हवली. मी घरी पोचायच्या आत बायकोला तीन फोन आले होते. "सरांना जपा." "सरांना एकटं सोडू नका." "आमच्या मामंजींचीही अशीच सुरुवात झाली होती." समोरच्या काकू सुटलेल्या तांबोशीचं दुःख करायला स्वतः आल्या आणि चहा पिऊन गेल्या. भाचा परत गेला. माझी कीर्ती राहिली. अजून बाजारात कोळणी मला सुटे पैसे दोनदा मोजून देतात.

घरात या सगळ्याचा खरा लाभार्थी म्हणजे मांजर. तिला डोकी मिळत, शेपट्या मिळत, कल्ले मिळत. माझ्या वर्ज्य यादीतला प्रत्येक पदार्थ ती रोज चाखायची आणि तिचा अंगठा ठणठणीत. मी हे डॉक्टरला विचारलं.

"तिच्या शरीरात युरिकेज नावाचं एन्झाइम असतं सर. ते युरिक ॲसिडचा निकाल लावतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत असतं. माणसाच्या आणि बिनशेपटीच्या वानरांच्या पूर्वजांनी ते एक-दोन कोटी वर्षांपूर्वी गमावलं."

"कुठं गमावलं?"

"उत्क्रांतीत."

पूर्वजांनी जमीन गमावली हे मला ठाऊक होतं. कुळकायद्यात गेली, निदान सात-बारा उतारा तरी राहिला. पण एन्झाइम गमावून वर हे कुणी सांगितलंही नाही! त्या रात्री मी भोपळ्याची भाजी चिवडत होतो आणि मांजर समोर बसून शिंगाळ्याचं डोकं कुरतडत माझ्याकडे बघत होती. उत्क्रांतीत मागे राहिल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर मला तरी दिसलं नाही.

आता एक कबुली. ऑगस्टमध्ये एका रविवारी पालूचं कालवण चुलीवर रटरटत होतं. तिरफळाचा वास ओटीपर्यंत आला. बायको फोनवर होती. मी पळी बुडवली. एकच. बरं, दीड. गणिताच्या शिक्षकानं खरं बोलावं: साडेतीन, आणि वर तळाचा एक तुकडा. त्याच्या सोबतीला आदल्या संध्याकाळी तलाठ्यांकडे झालेली अर्धी बाटली बिअर.

रात्री दोनला अंगठा पुन्हा उखळात गेला. बायको शेजारी उठून बसली आणि फरशी हलू नये म्हणून जागेवरूनच बोलू लागली. बेंजामिन फ्रँकलिननं १७८० साली स्वतः आणि आपला गाऊट यांचा एक संवाद लिहिला होता. त्यात गाऊट त्याला झापतो: खूप खातोस, व्यायाम करत नाहीस, तासन् तास बुद्धिबळापुढे बसतोस. फ्रँकलिनला त्यासाठी कल्पनाशक्ती वापरावी लागली. माझ्याकडे ती भूमिका घरच्या घरी, बिनमानधन चालू होती.

"पळी वाकडी लागलेली तेव्हाच ओळखलं मी," ती म्हणाली. "आणि मिशीला तिरफळ."

त्या दिवसापासून मी शहाणा झालो. खाणं सोडलं. गळ सोडला नाही.

आणि मग कोजागरीनंतरच्या तृतीयेला जिताडा लागला.

आमच्या रायगड जिल्ह्याबाहेरच्या लोकांसाठी सांगतो: जिताडा हा नुसता मासा नाही, तो कागदपत्र आहे. जुन्या काळी साहेबाकडे काम असलं की लोक अर्जाला जिताडा जोडत, आणि अर्ज हरवला तरी जिताडा पोचत असे. हा मासा जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाला की मादी होतो. ठरावीक वयानंतर घरात बाईच्याच शब्दाला वजन येतं, हे त्यानं शास्त्रज्ञांच्या आधी ओळखलं.

दुपारी सव्वादोनची भरती, पाऊणपटीच्या हिशेबानं चोख. गळाला जिवंत बोय लावलेली. मी डुलक्या घेत होतो आणि रिळाचा दोरा एकाएकी सरसर सुटला. तंगुसानं बोट कापलं, काठी पाण्यात गेली, टोपी गेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पाण्यातून चांदीचं ताट उभं राहावं तसा तो एकदा उसळला. मी "नाखवा!" म्हणून जी हाक मारली ती नवाबाच्या रानात मारली असती तर वाघसुद्धा उठला असता. आजोबांचा गळा माझ्यात आहे हे मला साठीनंतर कळलं. वीस मिनिटं तो ओढत होता आणि मी सैल सोडत होतो. मग मी ओढत होतो आणि नाखवा मला कमरेला धरून मागे ओढत होता. शेवटी नाखव्यानं त्याला जाळीत घेतला तेव्हा आम्ही तिघेही चिखलात आडवे, आणि तिघांनाही धाप.

घरी आणला. आख्खी आळी जमली. पातेली खणखणली. काकूंनी तर ताजं खोबरं वाटून आणलं होतं. बायकोनं माशाकडे पाहिलं, माझ्या कापलेल्या बोटाकडे पाहिलं, चपला नसलेल्या पायांकडे पाहिलं.

"हा डॉक्टरांकडे पाठवा," ती म्हणाली. "तुमचं त्यांच्याकडे काम आहे."

काम एकच होतं: नऊ पूर्णांक दोन. जिताडा जोडून अर्ज रवाना झाला.

रात्री ओटीवर सगळे बसले. मासा गेल्यामुळे आळी नाराज होती, पण उठून कुणी जाईना. मी भोपळ्याची भाजी पुढ्यात घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्वी कालवण ओरपताना मला धड एक गोष्ट सांगता आली नव्हती. तोंडात काटा असला की माणूस पूर्णविरामापलीकडे जात नाही. आता तोंड मोकळं होतं. दोरा कसा सुटला, टोपी कशी गेली, तो कसा उसळला. दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. भाजी गार झाली तरी माझ्या लक्षात आलं नाही, आणि आयुष्यात प्रथमच भोपळा चांगला लागला.

गोष्टीत एक गुण असतो, तो माशात नसतो. मासा ठेवला की खराब होतो, गोष्ट ठेवली की वाढते. त्या रात्री ओटीवर जिताडा तीन किलोचा होता. सकाळी दाढी करताना न्हाव्याकडे चार. देवळाच्या पारावर पाच. एका साखरपुड्यात अनोळखी पाहुण्यांपुढे सहा, कारण पाहुण्यांकडचा एकजण साडेपाचचा सांगत होता. दिवाळीपर्यंत मी दर मुक्कामाला फक्त अर्ध्या-एका किलोची वाढ धरली. चक्रवाढ धरली असती तर खाडीत मावला नसता.

दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरनं रिपोर्ट उघडला आणि त्याचा चेहरा खुलला.

"सर, पाच पूर्णांक आठ! सहाच्या खाली आलात. पथ्य चांगलं पाळलंत."

आयुष्यात इतके कमी मार्क मिळून मी कधी इतका फुगलो नव्हतो. मी नम्रपणे मान लववली. साडेतीन पळ्यांचा विषय आमच्या दोघांत निघाला नाही.

"गोळ्या चालू ठेवा. पाणी प्या. आणि हो, सर," तो पुढं झुकला, "तुमचा जिताडा फार सुरेख होता. घरी सगळ्यांनी ताव मारला. काल आमचा कंपाउंडर न्हाव्याकडून ऐकून आला, साडेसात किलोचा होता म्हणे."

"असेल तेवढा," मी छताकडे बघत म्हटलं.

"आला तेव्हा मी दवाखान्यातच होतो, सर. सहज त्या काट्यावर ठेवला होता." त्यानं बाळांच्या काट्याकडे बोट दाखवलं. "दोन किलो नऊशे."

दवाखान्यात शांतता पसरली. बाकावरच्या दोन गरोदर बाया माझ्याकडे बघू लागल्या. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य उच्चारलं.

"उत्तर साडेसात आलं, ठीक आहे. पण सर, रीत दाखवा."

मी त्या काट्याकडे पाहिलं. त्यात एक नवीन तान्हं हात-पाय झाडत होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "जन्मल्यावर पहिले काही दिवस वजन थोडं उतरतंच."